हुकूमनामा कपाटात ठेवायचा नसतो

परवा फोनवर तू जे विचारलंस त्याचं उत्तर मी तेव्हा मुद्दामच दिलं नाही. बाबा शेजारी बसले होते आणि तुझ्या पैशाचा विषय निघाला की त्यांचा जीव कासावीस होतो. आज ते धान बघायला बांधीवर गेलेत. आता मोकळेपणी बोलू या.

तू म्हणालीस, "निकाल बालाघाटच्या कोर्टाचा, नवरा होता तो राहतो नागपूरला, मी दवनीवाड्यात. राज्यच बदललं, मग त्या कागदाला इकडे कोण विचारतं?" बाई गं, विचारतात. घटनेतच लिहून ठेवलंय. कलम २६१ म्हणतं की भारतातल्या कुठल्याही दिवाणी न्यायालयाचा अंतिम निकाल किंवा आदेश देशात कुठेही कायद्याप्रमाणे बजावता येतो. वैनगंगा ओलांडली म्हणून निकालाची ताकद कमी होत नाही. आणि आपल्या भागाला तर हे नवं वाटायचं कारणच नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत तेव्हाचा आपला सगळा भंडारा जिल्हा आणि बालाघाट एकाच राज्यात होते, दोन्हींचं हायकोर्ट नागपूरला होतं. मग ते हायकोर्ट जबलपूरला गेलं आणि आपण मुंबई राज्यात आलो. सीमा तेव्हा आखली गेली, पण रोटीबेटीचा व्यवहार काही थांबला नाही. तुझं लग्न वारासिवनीला लागलं तेव्हा आपण परराज्यात पोरगी देतोय असं घरात कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

तेव्हा राज्याची काळजी सोड. काळजी करायची ती तारखेची. वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करताना मी हे रोज बघते. बाया मोठ्या जिकिरीने निकाल मिळवतात, पिशवीत घालतात, कपाटात साड्यांच्या खाली ठेवतात आणि समजतात की आता हे कायमचं झालं. निकालालाही मुदत असते आणि ती निकालाच्या दिवसापासूनच चालू होते.

तुझ्याकडे दोन कागद आहेत, दोन्हींची मुदत वेगळी. एक पोरीच्या दरमहा खावटीचा आदेश. दुसरा घटस्फोटाचा हुकूमनामा, ज्यात तुला एकरकमी पोटगी द्यायला सांगितलंय. दोन्ही एकाच पिशवीत असले तरी त्यांचा हिशेब एकत्र करू नकोस.

आधी खावटी, कारण तिथे वेळ फार थोडा आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५ कलम तू ऐकलं असशील. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४४ कलम आलं, पण ही अट तीच राहिली: ज्या महिन्याची खावटी थकली, ती देय झाल्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला तरच वॉरंट निघतं. प्रत्येक महिन्याची मुदत स्वतंत्र मोजायची. म्हणजे समज, त्याने तीस महिने दमडी दिली नाही आणि तू आज अर्ज केलास, तर वॉरंटची वाट शेवटच्या बारा महिन्यांपुरतीच उघडी आहे. तू थांबलीस तसा दर महिन्याला मागचा एक महिना हातातून जातो. म्हणून मी फोनवर एकदम विचारलं ना, की शेवटचे पैसे नक्की कधी आले? पासबुक घेऊन बस आणि ती तारीख लिहून काढ.

मग आधीचे अठरा महिने बुडाले का? नाही. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये पूनगोडी विरुद्ध थंगवेल या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की एका वर्षाच्या अटीने बाईचा हक्क मरत नाही. वॉरंट आणि तुरुंगाची ती जलद वाट तेवढी बंद होते, दिवाणी मार्गाने वसुली करता येते. पण दिवाणी मार्ग लांबचा, आणि पोरीची शाळेची फी दर जूनमध्ये येते. जलद वाट हातात असताना लांबच्या वाटेने कशाला जायचं?

यातलीच एक गोष्ट नीट ऐक, कारण इथे पुष्कळ जणी फसतात. अर्ज पडला, नोटीस गेली, की तो दोन महिन्यांचे पैसे टाकेल. मग त्याच्या मामाचा फोन येईल: "पैसे चालू झाले ना पोरी, आता अर्ज मागे घे, कशाला कोर्टकचेरी?" मागे घेऊ नकोस. अर्ज चालू असेपर्यंत पुढची थकबाकी त्यातच धरता येते, दर वेळी नवा अर्ज लागत नाही. २००५ चा शांता विरुद्ध शिवनंजप्पा हा निकाल याच मुद्द्यावर आहे. अर्ज मागे घेतलास की मात्र पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि मधले महिने वर्षाच्या बाहेर पडतात. मामांशी गोड बोल, चहा दे, आणि अर्ज तसाच राहू दे.

हा अर्ज करायचा कुठे, हे तर तुझ्या सोयीचंच आहे. खावटीच्या आदेशाला बालाघाटहून दुसऱ्या कोर्टात पाठवणी लागत नाही. नव्या संहितेच्या १४७ कलमात लिहिलंय की ज्याच्याविरुद्ध आदेश आहे तो माणूस जिथे असेल तिथला मॅजिस्ट्रेट तो आदेश बजावू शकतो. त्या मॅजिस्ट्रेटला फक्त दोन गोष्टींची खात्री पटली पाहिजे: माणसं तीच आहेत, आणि पैसे थकलेत. तो नागपुरात आहे, तिथे हे काम मॅजिस्ट्रेटऐवजी कुटुंब न्यायालय बघतं. आदेशाची प्रत त्याच कलमाप्रमाणे तुला फुकट मिळायला हवी. तुझं आणि पोरीचं आधार, पासबुकाची पानं, आणि महिन्यागणिक किती थकले त्याचा तक्ता, एवढी तयारी ठेव. तक्ता तू स्वतः वहीवर कर, टाइप मी करते.

एक अजून. तो म्हणतो म्हणे, "महिनाभर आत बसून येईन, मग फिटलं." फिटत नाही. तुरुंगात बसणं म्हणजे पैसे देणं नव्हे, हे सुप्रीम कोर्टाने कुलदीप कौर यांच्या प्रकरणात १९८८ मध्येच सांगून टाकलंय. बाहेर आला तरी देणं उभंच.

आता दुसरा कागद, घटस्फोटाचा हुकूमनामा. पोटगीच्या त्या एकरकमी आकड्यासाठी वेळ जास्त आहे, आणि जास्त आहे म्हणूनच मला भीती वाटते. १९६३ च्या मुदत कायद्याच्या १३६ व्या अनुच्छेदाप्रमाणे दिवाणी हुकूमनामा बजावायला १२ वर्षं मिळतात. हा कायदा सगळ्या देशाला एकच. अमेरिकेत प्रत्येक राज्याची मुदत वेगळी, दुसऱ्या राज्यातला निकाल नेला की कुठली लागू यावर भांडणं होतात. आपल्याकडे बालाघाट असो की गोंदिया, १२ म्हणजे १२. हुकूमनाम्यात पैसे द्यायची ठरावीक तारीख दिली असेल तर ती चुकली तेव्हापासून मोजायचं, हप्ते असतील तर प्रत्येक हप्ता चुकल्यापासून.

आणि १२ वर्षं संपली की संपलं. अपिलाला उशीर झाला तर माणूस आजारपण सांगतो, अडचण सांगतो, कोर्ट उशीर माफ करू शकतं. दरखास्तीला, म्हणजे बजावणीच्या अर्जाला, ती सवलत नाही. मुदत कायद्याचं ५ वं कलम दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २१ व्या आदेशाखालच्या अर्जांना लागूच होत नाही. एका दिवसाने चुकलं तरी न्यायाधीशाच्या हातात काही उरत नाही, कितीही वाईट वाटलं तरी. माझ्या टेबलावर अशी एक फाइल येऊन गेलीय, म्हातारी बाई होती. तिच्या हातात सही-शिक्क्याचा खरा हुकूमनामा होता आणि वकीलसाहेब तिला समजावत होते की आता काही करता येत नाही. तिला ते शेवटपर्यंत पटलं नाही. निकाल माझ्या बाजूचा आहे ना, एवढंच ती म्हणत राहिली.

दरखास्त का गं विसरतात लोक? कारण मधल्या गोष्टींनाच काम झालं असं समजतात. तुझ्या बाबतीत हा धोका सगळ्यात मोठा आहे. त्याचा प्लॉट तिरोड्याला आहे, नोकरी नागपूरला. बालाघाटचं कोर्ट स्वतःच्या हद्दीबाहेरच्या माणसावर किंवा मालमत्तेवर हुकूमनामा बजावू शकत नाही, दिवाणी संहितेच्या ३९ व्या कलमात २००२ च्या दुरुस्तीने हे स्पष्ट लिहिलंय. म्हणून तिथे अर्ज करून हुकूमनामा इकडच्या कोर्टाकडे पाठवून घ्यावा लागतो. तिकडचं कोर्ट तो थेट इकडे पाठवतं. सोबत तीन कागद असतात: हुकूमनाम्याची प्रत, वसुली झालेली नाही किंवा इतकीच झाली असा दाखला, आणि आधी बजावणीचा काही आदेश झाला असेल तर त्याची प्रत, नसेल तर तसा दाखला. एवढं झालं की लोक निर्धास्त होतात. पण पाठवणीचा अर्ज म्हणजे दरखास्त नव्हे! हुकूमनामा इकडच्या कोर्टात पोचल्यावर तिथे तू स्वतः दरखास्त दाखल करायची असते, आणि ती १२ वर्षांच्या आत. पाठवणीत वर्ष गेलं, दोन वर्षं गेली, तरी घड्याळ थांबत नाही. बालाघाटला या दरखास्तीला निष्पादन किंवा इजरा म्हणतात, तिकडच्या बाबूने तो शब्द वापरला तर गोंधळू नकोस. निकाल हिंदीत आहे, इकडे मराठी भाषांतर मागितलं तर तेही तयार असू दे.

घड्याळ थांबतं कशाने, तर कोर्टाच्या स्थगितीने. वरच्या कोर्टाने बजावणीला मनाई केली असेल तर तेवढे दिवस मोजणीतून वगळतात. नुसतं अपील केलंय, स्थगिती नाही, तर बजावणी अडत नाही. तो सांगतो ना, "मी अपिलात गेलोय", तर विचार, स्थगितीचा आदेश दाखव. अपिलाचाच निकाल लागला तर मुदत त्या निकालापासून. आणि कोरोनाच्या काळात सुप्रीम कोर्टाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सगळ्या मुदतींतून वगळला होता. जुन्या हुकूमनाम्यांना त्याचा फायदा मिळतो. पण तू त्या भरवशावर बसू नकोस. तो हिशेब ज्यांची मुदत टळत आलीय त्यांनी करावा.

आईच्या माहेरच्या जमिनीचं पण याच ओघात सांगते, मावशी तुला विचारत असते म्हणून. वाटणीच्या दाव्यात आधी प्राथमिक हुकूमनामा होतो, कुणाचा किती हिस्सा ते ठरतं. त्यानंतर अंतिम हुकूमनाम्यासाठी अर्ज करायला मुदतीची अडचण नाही. पण अंतिम हुकूमनामा झाला की १२ वर्षं चालू. त्याला मुद्रांक लागतो, आणि तो भरायला भाऊ टाळाटाळ करतात, बहिणी वाट बघतात. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने चिरंजीलाल यांच्या प्रकरणात सांगितलं की मुदत निकालाच्या दिवसापासून धरायची, मुद्रांकाच्या कागदावर तो उतरला त्या दिवसापासून नाही. मावशीला म्हण, मुद्रांकाचे पैसे स्वतः भर आणि नंतर भावांकडून घे. धुऱ्यावरची भिंत पाड, रस्ता मोकळा कर असा काही करायला लावणारा आदेश असेल तर तिथे फक्त ३ वर्षं.

बारा वर्षं आहेत म्हणजे अकरा वर्षं थांबायचं असं नाही, हे तुला कळतंय ना? तिरोड्याचा प्लॉट उद्या भावाच्या नावावर गेला तर तुझ्या हुकूमनाम्याने काय धरायचं? जप्ती झाल्यावर त्याने केलेली विक्री तुझ्या वसुलीच्या आड येऊ शकत नाही. जप्तीआधीची विक्री मोडून काढायला मात्र वेगळी लढाई. शिवाय दोन वर्षांच्या आत दरखास्त घातली तर बजावणीआधीची कारणे-दाखवा नोटीस साधारणपणे लागत नाही. दोन वर्षांनंतर ती साधारणपणे काढावी लागते. ती नोटीस म्हणजे त्याला मिळालेली सवड. तुझी दोन वर्षं व्हायला अजून थोडे महिने आहेत, म्हणून माझी घाई.

काय जप्त होतं आणि काय नाही, ते पण जाणून घे, म्हणजे उगाच आशा नको आणि उगाच भीती नको. शेतकऱ्याची अवजारं, बैल, बियाणं, राहतं घर, अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, याला हात लागत नाही. रिकामा प्लॉट लागतो. पगारही लागतो. साध्या देण्यासाठी पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी फक्त एक तृतीयांश पगार सुरक्षित, बाकीच्यावर जप्ती येऊ शकते. बाईच्या पोटाचा विचार करून कायद्याने केलेला हा भेद आहे आणि वकिलाला त्याची आठवण करून द्यायला लाजू नकोस. सरकारी किंवा रेल्वेचा नोकर असेल तर कोर्टाच्या हद्दीबाहेरच्या कार्यालयालाही पगारकपातीचा आदेश जाऊ शकतो. मालमत्ता लपवली असं वाटलं तर त्याच्याकडून मालमत्तेचं शपथपत्र मागता येतं. ते त्याने दिलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते.

आणि "मी सासऱ्यांच्या हातात रोख दिले" हे त्याचं पालुपद? बाबांनी दोनदा ऐकून घेतलं आणि रात्रभर झोपले नाहीत. तुला सांगते, कोर्टाबाहेर दिलेले पैसे कोर्टात नोंदवून घ्यावे लागतात. नोंद नाही, लेखी पुरावा नाही, तू कबूल केलेलं नाही, तर बजावणी करणारं कोर्ट ते धरत नाही. यापुढे मात्र त्याच्याकडून जे काही येईल ते फक्त बँकेत घे. बाबांच्या हातात काही द्यायला आला तर घेऊ नका म्हणावं.

कुणी तुला सांगितलं असेल, दरखास्त म्हणजे वर्षानुवर्षांचं काम. खोटं नाही. २०२१ मध्ये राहुल शाह यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा. २०२५ मध्ये आढावा घेतला तेव्हा देशभरात ८ लाख ८० हजारांहून अधिक दरखास्ती पडून होत्या, त्यांत मुंबई हायकोर्टाच्या हद्दीत ३ लाखांवर, सगळ्यांत जास्त. वाचून मन खट्टू होतं. पण दाखल झालेली दरखास्त मुदतीत राहते, रखडली तरी मरत नाही. कपाटातला हुकूमनामा मरतो. तुझ्या हातात दाखल करणं आहे, तेवढं तू कर. ई-कोर्ट्सचं ॲप मोबाइलवर घे, प्रकरणाचा सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर त्यात टाक, पुढची तारीख घरबसल्या दिसते. बालाघाटचीही दिसते. पाठवणीचा अर्ज तिथे कुठल्या टप्प्यावर आहे ते विचारायला दर वेळी रजेगावचा पूल ओलांडावा लागणार नाही.

तुझ्या त्या लंडनच्या मैत्रिणीलाही निरोप दे. तिकडच्या वरिष्ठ कोर्टाच्या पैशाच्या हुकूमनाम्यावर इकडे थेट दरखास्त घालता येते, कारण ब्रिटन त्यासाठी अधिसूचित देश आहे. पण मुदत तिकडच्या कायद्याची धरतात. मार्च २०२० मध्ये बँक ऑफ बडोदा आणि कोटक महिंद्रा बँकेच्या प्रकरणात १९९५ च्या लंडनच्या हुकूमनाम्यावर २००९ मध्ये बंगळूरला घातलेली दरखास्त गेली, कारण तिकडची मुदत ६ वर्षं होती. एवढी मोठी बँक, तीही चुकली. अमेरिकेचा निकाल असेल तर इथे नवा दावाच लावावा लागतो, निकालापासून ३ वर्षांत.

पैशाचं म्हणशील, तर वकिलाची फी हे कारण तू पुढे करू नकोस. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो आणि तिच्या उत्पन्नाची अट नाही. गोंदियाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे साधा अर्ज द्यायचा. मदतीचा क्रमांक १५१००. नागपूरचं काम नागपूरच्या प्राधिकरणाकडून होईल. लोक काय म्हणतील, हे मनात आलं तर मला फोन कर, दुसऱ्या कुणाला नको. पोरीच्या दुधाचे आणि वहीचे पैसे मागायला लाज वाटायचं काही कारण नाही, आणि तुला गावात मान खाली घालून चालताना बघितलं की मला रडू येतं.

तर आता असं कर. पिशवीतून दोन्ही कागद काढ आणि मागच्या बाजूचा शिक्का बघ. अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली, अशा तीन तारखा तिथे असतात. मुदत त्यांच्यापासून मोजायची नाही. मोजायची ती पुढच्या पानावरची, निकालाची तारीख. ती मला व्हॉट्सॲपवर पाठव, दोन्ही कागदांच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाच्या फोटोसह. खावटीचा नागपूरचा अर्ज आधी, याच आठवड्यात. बालाघाटला पाठवणीचा अर्ज त्याच्या पाठोपाठ, मी तुझ्यासोबत येईन, रोवणीचं काम वहिनी बघेल. बाबांशी मी बोलते, तू त्यांच्यापुढे आकडे काढू नकोस.